वहिनींची तांब्याची नळी

गॅरेजात त्यांना सगळेच वहिनी म्हणत. वास्तविक त्या वहिनी एकट्या मेकॅनिकच्या. गॅरेज त्याचं, म्हणजे त्यांच्या धाकट्या दिरांचं. पण दीर दिवसभर "वहिनी, जरा हे बघा" म्हणून हाका मारत असल्यामुळे गल्लीभर तेच नाव झालं, आणि समोरचे वेल्डर, जे वयाने त्यांच्या वडिलांना शोभले असते, तेसुद्धा बिनदिक्कत त्यांचे दीर होऊन बसले.

दिरांच्या हाताला गुण होता. पण मोटारसायकलींत कॉम्प्युटर शिरला तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले. "डोळ्यांना दिसेल ते मी दुरुस्त करीन. न दिसणाऱ्यासाठी दुसरं कोणीतरी बघा." दुसरं कोणीतरी म्हणजे वहिनी, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. वहिनी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमधून नुकत्याच निवृत्त झालेल्या. उमेदीची वर्षं हेडफोन लावून परक्यांच्या लाइनींतली खरखर ऐकण्यात गेलेली. आता घरी बसून नवऱ्याची ऐकण्यापेक्षा इंजिनाची ऐकावी, असा त्यांनी विचार केला असावा. नवऱ्याचंही तेच मत पडलं.

कार्बुरेटरच्या जमान्यात पेट्रोल किती सोडायचं हे एक बारीक भोकाचं पितळी जेट आणि मेकॅनिकची लहर मिळून ठरवत. आता ते एक तक्ता ठरवतो. इंजिन इतकं फिरतंय, थ्रॉटल इतकं उघडलंय, तर पेट्रोल इतकं सोडा आणि ठिणगी इतकी आधी पाडा. असे शेकडो चौकोन. त्याला मॅप म्हणतात, आणि एकेक चौकोन त्या त्या इंजिनाची तब्येत बघून भरणं हे वहिनींचं काम. गॅरेजमागच्या खोलीत जमिनीत एक मोठा लोखंडी रोलर बसवला होता. त्यावर गाडीचं मागचं चाक ठेवून सांगाडा पट्ट्यांनी आवळला की गाडी जागच्या जागी वाटेल तितकी पळे. समोर माणूस उडेल असा पंखा, भिंतींना जुन्या गाद्यांचा स्पंज, आणि खिडकीतून बाहेर गेलेला धुराचा पाइप, ज्यावरून शेजारच्या दवाखान्याशी बोलणं बंद होतं.

वहिनींना सगळ्यात जास्त धास्ती नॉकिंगची, म्हणजे इंजिन ठोकण्याची. ठिणगी फार आधी पडली किंवा पेट्रोल कमी पडलं की सिलिंडरातलं मिश्रण स्वतःची पाळी यायच्या आत कोपऱ्यात आपसूक पेट घेतं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. फार चाललं तर पिस्टन वितळतो. हा आवाज सायलेन्सरच्या गदारोळात उघड्या कानांना लागत नाही, म्हणून वहिनींनी एक तांब्याची नळी केली होती. तिचं एक टोक ठोकून चपटं केलेलं, ते इंजिनाच्या बोल्टखाली आवळायचं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, आणि ती कारखान्यात आवाज टाळायला कानांवर घालतात त्या वाट्यांना जोडलेली. इंजिनाला सेन्सर होता, स्क्रीनवर लाल रेघही उठे. पण वहिनींचा नियम असा, की रेघेने सांगितलेलं कानाने कबूल केल्याशिवाय खरं मानायचं नाही. आणि दुसरा नियम: गाडी नेण्याआधी प्रत्येक मालकाने स्वतःच्या इंजिनाचा एक तरी ठोका या नळीतून ऐकून जायचा. "आजारी पडल्यावर ते कसं कण्हतं, हे घरच्या माणसाला माहीत नको?"

हा नियम एकच व्यक्ती पाळत नव्हती, आणि ती नेमकी घरची होती. पुतणी, दिरांची मुलगी, डोंगरचढणीच्या शर्यतीत गाडी चालवायची. गेल्या खेपेला तिने काकूचा मॅप पुसून इंटरनेटवरच्या कोणा जाणकाराचा "तुमच्यासारख्याच गाडीचा" मॅप भरला होता. गाडी सुसाट सुटली आणि निम्म्या डोंगरात इंजिन आवळलं. मागचं चाक जाम झालं, पुतणी कठड्याशी जाऊन थांबली. कठडा तिथे होता, एवढीच त्यात आनंदाची गोष्ट. पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक पडलेलं. दिरांनी तो पिस्टन जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवला आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. सगळं घर रोज त्याच्याकडे बघत जेवत होतं.

नवा, आधीपेक्षा मोठा सिलिंडर त्यांनीच बसवला. शर्यत रविवारी होती, आणि वयाच्या अटीमुळे त्या गटातली पुतणीची शेवटची. दिरांनी एकच वाक्य सांगितलं: "वहिनी म्हणतील इंजिन ठोकत नाही, तर जा. त्या नाही म्हणाल्या, तर गाडी मी विकली समज."

म्हणजे सगळा डोलारा वहिनींच्या एका होकारावर येऊन टेकला. आणि इंजिन तर ठोकत होतं.

गुरुवारी गाडी रोलरवर चढवल्याबरोबर मधल्या वेगाला वाट्यांत खडे वाजले. स्क्रीनवर लाल रेघ. वहिनींनी ठिणगी मागे घेतली, म्हणजे जरा उशिरा पाडली. खडे तसेच. पेट्रोल वाढवलं. तसेच. आणखी मागे, आणखी पेट्रोल. शुक्रवारी दुपारपर्यंत गाडीतून काळा धूर निघू लागला, ताकद निम्म्यावर आली, पण खडे जिथल्या तिथे.

"काकू, ही आता दूध घालायला बरी आहे," पुतणी म्हणाली.

"दूधवाला पोचतो तरी."

"लागलं मला ते."

"लागावं म्हणूनच म्हटलं. धर थ्रॉटल."

दाराशी दीर उभे होते. ते आत येत नव्हते आणि जातही नव्हते. हातातला पाना फडक्याने पुसून आता त्यात तोंड दिसायला लागलं होतं.

"भावजी, तुम्ही काम करा ना."

"मी कुठे काय म्हणतोय?"

"तेच. त्यापेक्षा बोला तरी."

वहिनींचे यजमान डबा घेऊन आले, खोलीतल्या तिघांची तोंडं पाहिली, डबा ठेवला आणि आल्या पावली परतले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी कमावलेली ही मुख्य विद्या होती.

जेवताना वहिनी घास हातातच ठेवून म्हणाल्या, "ठिणगी इतकी मागे घेतली, ते काहीच कसं मानत नाही? रागावलेला माणूससुद्धा एवढं समजावल्यावर आवाज खाली आणतो."

हात धुऊन त्यांनी वाट्या चढवल्या. "आता थ्रॉटल जेमतेम उघड. रोलरचं ओझं मी काढते. वेग मात्र तोच ठेव."

इंजिन जवळजवळ रिकामं फिरू लागलं. ओझं नसलेलं इंजिन ठोकत नाही. ठोकायला आत दाब लागतो, तो आता नव्हताच. तरी खडे वाजले. अगदी तेच, त्याच वेगाला.

वहिनींनी इंजिन बंद करायला लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला दीर नंतर "एक्स्चेंजमधलं हसू" म्हणाले. तिथे एकदा म्हणे एका लाइनीतली खरखर शोधायला माणसं तीन खांबांवर चढली होती, आणि खरखर ऐकणाऱ्या बाईच्याच हेडफोनात होती.

त्या टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसल्या. इंजिन गार व्हावं म्हणून सिलिंडरला बाहेरून पातळ पाती असतात. नव्या सिलिंडरची पाती मोठी होती. वर्षानुवर्षं ज्या बोल्टला नळी आवळली, त्याच बोल्टला ती याही वेळी आवळली होती, आणि आता ती एका पात्याला पुसटशी टेकत होती. टेकायची तिथे तांबं घासून नव्या नाण्यासारखं चमकत होतं. त्या वेगाला नळी थरथरायची आणि पात्यावर आपटायची. सेन्सर शेजारीच, त्यालाही तोच ठोका ऐकू जायचा.

वहिनी उठल्या. दिरांना काही दिसलं नव्हतं, पुतणीला कळलं नव्हतं. "बारीकसारीक होतं, काढलं" एवढ्यावर भागलं असतं.

"माझी नळी वाजत होती," त्या म्हणाल्या. "दोन दिवस मी तिची समजूत काढत होते. चांगल्या इंजिनाचा मी पार सत्यानाश केलाय."

पुतणी हसली असती, तर ते तिच्या वयाला धरून झालं असतं. ती नळीकडे बघत राहिली. "पण काकू, तू शोधलंस तरी. माझं वाजत होतं तेव्हा मी थ्रॉटल उघडून आवाज वाढवला होता."

वहिनींनी सुरुवातीचा मॅप परत भरला, नळी दुसऱ्या बोल्टला लावली, आणि आधी तिला नखाने टिचकी मारून पाहिली. इंजिन स्वच्छ फिरलं. मात्र आता खोटे खडे गेल्यावर त्यांच्याखाली दडलेलं खरं काहीतरी ऐकू आलं: अगदी वरच्या वेगाला, इंजिन चांगलं तापल्यावर, दोन-तीन पुसट ठोके. वहिनींनी तेवढ्याच चौकोनांत ठिणगी दोन अंश मागे घेतली आणि चिमूटभर पेट्रोल वाढवलं. ठोके गेले.

"तिथेच तर मला ताकद हवी होती," पुतणी म्हणाली.

"तिथेच कठडा होता."

मग त्यांनी वाट्या पुतणीच्या कानांवर चढवल्या, ठिणगी क्षणभर मुद्दाम पुढे ओढली आणि लगेच मागे घेतली. पुतणीने दचकून थ्रॉटल सोडलं. यापूर्वी कितीही रागावून तिला कोणी थ्रॉटल सोडायला लावू शकलं नव्हतं.

"वहिनी?" दारातून दीर म्हणाले. एवढाच प्रश्न.

"ठोकत नाही. जाऊ दे तिला."

रविवारी डोंगराच्या पायथ्याशी सगळी गर्दी वर बघत होती. वळणांमुळे दिसत काहीच नव्हतं. वहिनी खुर्चीवर खाली मान घालून बसल्या होत्या, आणि दीर डोंगर सोडून त्यांच्या तोंडाकडे टक लावून उभे होते. इंजिनाचा आवाज वळणावळणाने वर चढत गेला. जिथे गेल्या खेपेला तो तुटला होता तिथे आला आणि एकदम खाली बसला. दिरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"तिनेच सोडलं थोडं," वहिनी म्हणाल्या. "तापलंय ते. कळलं तिला."

आवाज पुन्हा भरला आणि वर निघून गेला.

पुतणी चौथी आली. खाली आल्यावर हेल्मेट काढायच्या आधीच तिने सुनावलं, की ते दोन अंश असते तर तिसरी आली असते. वहिनी म्हणाल्या, असतीस. दिरांनी इंजिनाला हात लावून पाहिला, तो पोळला, तरी तसाच ठेवला.

संध्याकाळी जेवायला बसताना टेबलावर नुसती मिठाची बरणी होती. पिस्टन कुठे गेला हे कोणी विचारलं नाही. फक्त वहिनींच्या यजमानांनी, पिस्टन टेबलावर आल्यापासून पहिल्यांदाच, भाजीत मीठ कमी असल्याचं बोलून दाखवलं.