नरांची मापं

साखऱ्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो, तेव्हा आई पदरानं नाक पुसत म्हणाली, "मासेच बघायचे तं इतक्या दूर काहून जाऊन राहिलीस? येलदरीच्या धरणात काय कमी हायेत?" बाबा हसले. मला हसू आलं नाही. सेनगावच्या बाजारात मासळीवाल्यांच्या पालांवरून जाताना मी लहानपणापासून नाक दाबत आले, आणि शिष्यवृत्ती मिळाली ती नेमकी माशांवरच्या संशोधनाला.

जर्मनीतल्या आमच्या लॅबमधले मासे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतले. मातकट, बुळबुळीत. शेपटीतून अगदी हलकी वीज सोडतात. आपल्या हाताला जाणवतही नाही, पण अंधारात ते त्याच विजेवर वाट काढतात, जोडीदार ओळखतात. नराची शेपटी मादीपेक्षा लांब आणि जाड, वीजही मोठी. पण सगळे नर सारखे नसतात, आणि तो फरक मोजणं हेच माझं काम. कुणाची शेपटी केवढी, कुणाच्या रक्तात नरपणाचं हार्मोन किती. दोन नर शेजारी आणले की दोघांचं हार्मोन चढतं, वीज फुगते. एकटा ठेवला की उतरते. काहींना आम्ही हार्मोन सुईनं बाहेरून देतो.

किळस पहिल्यापासून होती. टाक्यांचा कुबट वास केसांत बसायचा. नर एकमेकांच्या शेपट्या चावतात. सकाळी पाण्यात पांढुरके तुकडे तरंगताना दिसले की चहा नकोसा व्हायचा. हार्मोन दिलेला एक नर तर सतत वीज फुगवत राहिला. खायचा, तरी वाळत गेला, शेपटी मात्र मिरवतच होता. त्याच्याकडे बघवत नसे.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या भावाचा, सुमेधचा, व्हिडिओ कॉल आला. सुमेध बाबांसारखा किडकिडीत, दाढी विरळ. एका स्थळानं "पोरगं लेकरावानी दिसतंय" म्हणून नकार कळवला होता, तेव्हा मामानं त्याला हिंगोलीच्या एका जिममध्ये घातलं. "बघ ताई," म्हणत त्यानं शर्ट काढला. दंड टरारले होते. वळला, तर पाठभर पिकलेले लाल फोड.

"सुया घेतोस?"

"ट्रेनर देतो. समदेच घेतात."

"कशाच्या?"

"ताकदीच्या."

मी त्याला त्या वाळलेल्या नराचं सांगितलं. तो चिडला. "मी काय तुझ्या टाकीतला मासा हाव का?" फोन बंद. 

उन्हाळ्यात सुट्टी काढून घरी आले, त्याच आठवड्यात सुमेधच्या नव्या स्थळाचे पाहुणे घर बघायला आले. मामानं सगळ्यांसमोर सुमेधची बाही वर सरकवली. "आता बघा पोरगं!" मुलीच्या काकानं बशी खाली ठेवून त्याचा दंड दाबून पाहिला, फळ पिकलंय का बघावं तसा. सगळे हसले. सुमेधही हसला, पण त्याचा दुसरा हात छातीवर होता. एवढ्या उकाड्यात त्यानं शर्टाखाली दोन बनियन घातले होते.

पाहुणे गेल्यावर न्हाणीच्या आडोशाला त्यानं मला सांगितलं. छाती बाईसारखी सुजली होती, दुखत होती. "आईला नको सांगू," म्हणाला आणि रडायला लागला.

नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: सुयांमधल्या जास्तीच्या हार्मोनचं शरीरात बाईचं हार्मोन बनलं, म्हणून छाती सुजली; आणि बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीरानं स्वतःचं हार्मोन बनवणं सोडलंय. सुया बंद, उपचार आणि धीर. सगळं भरून येईल असा शब्द त्यांनी दिला नाही.

घरी शेवटी सगळ्यांना कळलंच. मामा म्हणाला, "लग्नापुरत्या घेऊ द्यायच्या व्हत्या." बाबा त्याच्याशी कधी वरच्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशीही नाही. एवढंच म्हणाले, "पाव्हणं, चहा पेऊन निघा."

सुमेधनं त्या मुलीला स्वतः फोन करून खरं सांगितलं. जमत आलेलं लग्न मोडलं. ती हसली मात्र नाही, एवढं तो अजून सांगतो. त्याच्या उघड्या अंगाचा फोटो जिमच्या दारावर अजून आहे. परतताना बसमधून तो दिसला आणि मी तोंड फिरवलं. इथं जर्मनीत आल्यावर माशांना सुया देण्याचं काम मी सोडलं. आता जसे आहेत तसेच नर मोजते.

परवा आखाडा बाळापूरला चुलतभावाचं लग्न झालं. पंगतीत कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "सुमेध, काहून वाळलास रे?" आई फोनवर सांगत होती. त्यानं सगळ्यांसमोर उत्तर दिलं, "सुया घेत व्हतो. छाती सुजली. बंद केल्या."  जेवणं उरकल्यावर दोन धडधाकट पोरं मांडवामागं त्याच्यापाशी आली आणि हळू आवाजात विचारायला लागली, "भाऊ, कुठला डॉक्टर?"

पाहुण्यांचं ते हसणं आणि तो दंड दाबणारा हात आठवला की मला इथंही शिसारी येते. तरी घर कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर आता न पाहिलेली ती पंगतच माझ्या डोळ्यांपुढं येते.