ठेका कोण उचलणार

आमच्या बँडमध्ये मी गाते, गिटार वाजवते आणि वेळ पडली तर भांडते. सराव आम्ही भोरला एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत करायचो. खाली गिरणी सुरू असली की वर आम्ही कितीही धिंगाणा घातला तरी कुणाची तक्रार यायची नाही. फक्त घरी जाताना चौघांच्याही केसांत पीठ असायचं. आई विचारायची, "गाऊन आलीस की दळून?"

चौघांतला ड्रमर विंझरचा. त्याचे वडील गावच्या ढोल-लेझीमच्या खेळाचे म्होरके. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणतं, मीही म्हणते. हा त्यांच्या मागे उभा राहून ढोल शिकला आणि मग भोरला कॉलेजात येऊन ड्रमसेटवर बसला. आण्णांनी आमचं वाजवणं एकदाच ऐकलं, कॉलेजच्या गॅदरिंगला, आणि तिथल्या तिथे निकाल लावून टाकला.

"बसून वाजवत्यात व्हय?" ते म्हणाले. "मंग झोपूनच वाजवा की."

मला हसू फुटलं. ड्रमरला नाही फुटलं.

आण्णांचा खरा राग मात्र बसण्यावर नव्हता, हे मला नंतर कळलं. त्यांच्याकडे जत्रेला आसपासच्या गावांचे खेळ देवापुढे येतात. एका गावाचे गडी दमले तरी ते आपण होऊन थांबत नाहीत. आवाज बारीक करून वाजवत राहतात. मग दुसऱ्या गावाचा ढोल तोच ठेका उचलतो, आणि तो नीट उचलला गेला की पहिले थांबतात. देवापुढे ठेका खाली पडू द्यायचा नाही, एवढंच त्यातलं शास्त्र.

"आन् तुमी काय करता?" आण्णांनी मला विचारलं होतं. "धाडदिशी शेवट करता. लोकं टाळ्या वाजवत्यात आन् समदं मरून जातं. उचलायला कोन हाय तितं? त्येला खेळ म्हनत न्हाईत, पोरी."

ड्रमर खाली मान घालून काड्यांवरचं पीठ पुसत बसला. आपल्या वाजवण्याला बापाने एकदा खेळ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. तो हे कधी बोलला नाही, पण गिरणीच्या वरच्या खोलीत ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मग एका वाहिनीवरून बोलावणं आलं. रविवारी संध्याकाळी लागणारा कार्यक्रम. त्यात नकला असतात, जादू असते, लहान मुलांचे नाच असतात आणि मध्येच एखादं गाणं. ते मध्येच येणारं गाणं आमचं होतं.

मुंबईच्या त्या स्टुडिओत आम्ही भर दुपारी पोचलो. बाहेर अंगाची काहिली होत होती आणि आत शाल पांघरावी अशी थंडी. जमीन इतकी गुळगुळीत की चालताना आपलेच पाय खालून आपल्याकडे बघतात. वर दिवे भाताच्या लावणीसारखे ओळीने लावलेले. एक भलामोठा कॅमेरा क्रेनवर बसून आमच्या डोक्यांवरून सावकाश गेला, आणि आम्ही चौघेही माना वर करून त्याच्याकडे बघत राहिलो. तिथे काम करणाऱ्या एका मुलीने आम्हाला सांगितलं की त्याच्याकडे बघायचं नसतं.

ड्रमरला त्यांनी काळे चकचकीत बूट दिले होते. ते त्याने काढून बाजूला ठेवले, ड्रमला हात लावून कपाळाला लावला आणि अनवाणीच बसला.

गाणं चांगलं झालं. खरं सांगायचं तर तसं आम्ही पुन्हा कधी वाजवलं नाही. शेवटची झांज धाडकन वाजली, टाळ्या सुरू झाल्या, मी वाकून नमस्कार केला. आणि मागून ठेका येतच होता. बारीक, काठावर काडी मारल्यासारखा, पण येत होता. मी वळून पाहिलं. ड्रमर वाजवत होता आणि पडद्याआड उभ्या असलेल्या जादूगाराकडे बघत होता, कारण पुढचा नंबर त्याचा होता. जादूगार कबुतरांची टोपली सावरत त्याच्याकडे पाहून हसला. निवेदिका माइक घेऊन पुढे आली, एकजण कॅमेऱ्यामागून हात हलवून थांब थांब म्हणत होता. शेवटी वरून कुणाचा तरी आवाज आला, तेव्हा कुठे त्याने काड्या खाली ठेवल्या.

"काय झालं होतं तुला?" परत येताना गाडीत मी त्याला झापलं. "जादूगार ठेका उचलणार होता? का त्याची कबुतरं?"

"येवढी मानसं, येवढं दिवं," तो म्हणाला. "मला जत्राच वाटली. हात थांबंनात."

आता हे लोक आमचं गाणंच कापून टाकणार, याची मला खात्री होती.

कार्यक्रम लागला तो जत्रेच्या आधीचा रविवार होता. विंझरच्या देवळाच्या सभामंडपात टेबलावर टीव्ही ठेवला होता आणि गाव जमलं होतं. आम्हीही भोरवरून गेलो होतो. आण्णा खांबाला टेकून, टीव्हीकडे पाठ करून, मांडीवरच्या ढोलाच्या दोऱ्या आवळत होते. त्यांना कुणी वळून बसा म्हटलं, तर म्हणाले, "जत्रा आली तोंडावर. मला काम हाय."

आम्ही पडद्यावर आलो तसा सगळा मंडप पुढे सरकला. एक म्हातारी पडद्यातल्या ड्रमरकडे बघे, मग शेजारी उभ्या असलेल्या ड्रमरकडे, मग पुन्हा पडद्याकडे. मलाही ती चार माणसं आम्हीच आहोत हे पटत नव्हतं. एवढी मोठी, एवढी उजळ दिसत होती. आण्णांचे हात दोरीवरच होते.

धाडकन शेवट झाला. टाळ्या आल्या. आणि टाळ्यांखालून तो बारीक ठेका आला. त्यांनी तो कापला नव्हता. निवेदिका हसून म्हणाली, एक छोटीशी विश्रांती घेऊ या. ठेका मध्येच तुटला आणि कपड्यांच्या साबणाची जाहिरात लागली.

त्याच क्षणी मागून ढोल वाजला. तोच ठेका, जिथे तुटला तिथूनच, मधली एक मात्राही न चुकता. मी आयुष्यात बरंच संगीत ऐकलं आहे, पण असं आश्चर्य मला कधी वाटलं नाही. पडद्यावर पांढरे शर्ट वाळत होते आणि तिकडे कुणीच बघत नव्हतं. आण्णा वाजवत होते. मग त्यांनी आवाज बारीक केला आणि लेकाकडे पाहिलं.

गावातल्या दहा जणांना तो ठेका उचलता आला असता. कुणी हात हलवला नाही. ड्रमरने चपला काढल्या, खुंटीचा ढोल काढून गळ्यात अडकवला आणि ठेका उचलला. तो नीट उचलला गेल्यावरच आण्णांनी टिपरू खाली ठेवलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते उठलेच नव्हते. उठायला गेले असते तर ठेका खाली पडला असता. विंझरच्या खेळाच्या म्होरक्याने, सगळ्या गावादेखत, बसून वाजवलं होतं.