तिच्या वाट्याचे गहू

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गहू निवडणं. दिवस मावळायच्या आधी ओट्यावर बसलो होतो. ती सुपानं पाखडत होती, मी ताटात घेऊन खडे काढत होतो. रेशनच्या गव्हात माती फार. माझी नजर कमी, म्हणून माझं ताट ती पुन्हा बघायची आणि राहिलेला खडा उचलून माझ्या मांडीवर ठेवायची. तेवढ्यानंच माझं डोकं फिरायचं.

"उद्या दाढी करा," ती म्हणाली. "नही ते कचेरीमा बठ्ठासले समजी जाई, हाऊ माणूस जेलमाईन सुटेल शे."

"दाढी करून जेल जाते का?"

"जेल नही जात. तोंड ते दिखस."

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जायचं होतं, रेशनकार्डावर माझं नाव चढवायला. मी लवकर उठून दाढी केली. चहाला हाक मारली, तर तिचं अंग गार पडलेलं होतं.

मी धुळ्याला जेलात होतो. केळीच्या पाण्यावरून मारामारी झाली, त्यात एक माणूस मेला, माझ्या हातात काठी होती. त्यावर जास्त बोलायचं नाही मला. मी आत असताना इकडे नियम आला की कार्डावर जितकी नावं, तितक्यांचे अंगठे दुकानातल्या मशीनवर लागले पाहिजेत. माझा अंगठा धुळ्यात. नाव कटलं. पोरगी लग्न होऊन सुरतेला गेली, तिचंही कटलं. कार्डावर ती एकटी राहिली आणि एकटीचं धान्य येत राहिलं.

सुटून आलो तेव्हापासून त्या एकटीच्या धान्यावर आम्ही दोघं. तिच्या मजुरीतून तेल-मीठ व्हायचं. मला कामाला कोणी बोलवत नव्हतं. केळीचा घड वाहायला खांदा लागतो, तो माझा राहिला नव्हता. आणि बोलावलं असतं तरी माझ्याशेजारी कोयता घेऊन कोण उभं राहणार?

मग नाव परत का नाही चढवलं? तर सगळी गल्ली सांगायची, सजा झालेल्या माणसाला सरकार दाणा देत नाही. कचेरीत गेलं की पोलिसाचा दाखला मागतात. जेल झाल्याचं निघालं तर बायकोचंही कार्ड बंद करतात. कोणी पाहिलं होतं असं? कोणीच नाही. पण दुकानदारालाही तेच वाटायचं, आम्हालाही. मी तर रेशनच्या दिवशी दुकानाच्या बाजूला फिरकतही नव्हतो. ती अंगठा द्यायची. कपाशी वेचून अंगठ्यावरच्या रेषा गेलेल्या, मशीन घ्यायचं नाही. मग ती केसांच्या तेलात अंगठा घासून पुन्हा दाबायची. पिशवी डोक्यावर घेऊन वळणापर्यंत यायची, तिथं मी ती घ्यायचो. चोरीचा माल असल्यासारखी.

"मजामा होतात तुम्ही आत," ती चिडली की म्हणायची. "दोन टाइम सरकार खावाले दे. आते मीच तुमनं सरकार."

ताटात पोळ्या वाढताना ती म्हणायची, माझं झालं, करता करता खाल्लं. मी खाली मान घालून खायचो. मला कळत होतं.

शेवटी तिला धाप लागायला लागली, शेतात जाणं सुटलं, तेव्हा तिनंच ठरवलं की होईल ते होवो, कचेरीत जायचं. काय बोलायचं ते माझ्याकडून रोज पाठ करून घ्यायची आणि वर सांगायची, "तुम्ही तोंड उघडू नका. मी सांगसू. हाऊ मना नवरा शे. सुरतले कामले व्हता. याले बी भूक लागस."

तिचे दिवस होऊन गंधमुक्ती झाली, द्वारदर्शनाला दुखवटा घेऊन येणारे बंद झाले, पोरगी सुरतेला परत गेली. चल म्हणाली होती. तिची एक खोली, त्यात सासू. नाही गेलो. महिना भरला तसा कार्ड घेऊन दुकानात गेलो.

दुकानदार म्हणाला, "आबा, कार्ड अक्काचं होतं, अंगठा अक्काचा होता. आता मी काय करू? कचेरीत जा."

गेलो. टेबलावर एक बाई होती, माझ्या पोरीच्या वयाची. तिनं कार्ड पाहिलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"बाबा, तुमचं नाव कधीच कमी झालंय. कुठं होता तुम्ही?"

सुरत तोंडापर्यंत आलं होतं. पण ते तिनं बोलायचं होतं, मी नाही.

"जेलात," मी म्हणालो. "मर्डरच्या केसमध्ये."

बाईनं एकदा वर पाहिलं. मग म्हणाली, "बरं. सुटून किती दिवस झाले?"

"झाली की वर्षं."

"मग आला का नाहीत?"

"जेलवाल्याला रेशन नसतं ना?"

"कोणी सांगितलं? आम्ही विचारतसुद्धा नाही ते. आधार आणायचं, अर्ज द्यायचा, बायकोच्या कार्डावर नाव चढलं असतं."

"आता चढवा."

"आता कार्डावर कोणीच नाही ना, बाबा. कार्ड बंद झालं. तुम्हाला नवीन काढावं लागेल. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणा. पण कार्ड निघालं तरी धान्य लगेच सुरू होणार नाही. तालुक्याची यादी भरलीय. कोणाचं नाव कमी झालं तर तुमचं लागेल."

"माझ्या बायकोचं झालं ना कमी."

बाईनं कार्ड माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "नंबर असतात, बाबा. तुमच्या पुढे लोक आहेत." मागचा माणूस म्हणाला, "आबा, सरका आता." मी सरकलो. एसटीत जागा होती तरी उभाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. तिनं निवडलेल्या गव्हाचं थोडं पीठ डब्यात होतं. मळलं, दोन पोळ्या केल्या. जाड झाल्या, कडेला करपल्या. एक खाल्ली, दुसरी तिच्यासाठी म्हणून ताटाखाली झाकून ठेवली. बराच वेळ तिथंच बसलो. मग ताट उचललं आणि तीही खाल्ली. डबा पालथा करून झटकला. दाढी केली नाही. तलाठ्याच्या ऑफिसला गेलो. कुलूप होतं. पायरीवर बसलो.