फाटकावरची सही

मुंजाजीची गिरणीतली नोकरी मालकानं घालवली. पण त्याच्या हाताशी आलेली दुसरी नोकरी मी घालवली. हे आधीच लिहून टाकतो, कारण तो गेल्यावर लोक त्याच्याविषयी चांगलं बोलताना माझंही नाव आदरानं घेत होते आणि ते मला सहन होत नव्हतं.

बातमी जिंतूरच्या एस.टी. स्टँडवर कळली. आमच्या बंद पडलेल्या सूतगिरणीचा जुना वॉचमन भेटला. "सेक्रेटरी, मुंजाजी गेला. कावीळ झाली व्हती म्हणं. ऊसतोडीवरून आणलं तवाच पिवळाफटक पडला व्हता." मुंजाजी माझ्याहून तीन वर्षांनी लहान. ऊसतोड... गिरणीतला पहिल्या नंबरचा फिटर तो. नुसत्या आवाजावरून कोणत्या यंत्राचं काय दुखतंय ते सांगायचा. त्याच्या हातात कोयता कुणी दिला? मालकाचं नाव घेऊन मी आजही शिव्या देऊ शकतो, आणि देतोच. पण त्या शिव्यांमागे मला लपता येत नाही.

मी गिरणीत कारकून होतो आणि युनियनचा सेक्रेटरी. कापूस नाही, वीज परवडत नाही असं सांगून मालकानं ले-ऑफ लावला. काम बंद, पगार अर्धा. काही महिन्यांनी तोही थांबला. नियम असा की ले-ऑफमधल्या कामगारानं रोज फाटकावर येऊन सही करायची. सह्या चुकल्या की नाव कमी, आणि नाव कमी झालं की गिरणी बंद होताना मिळायची ती नुकसानभरपाई बुडाली. म्हणून फाटकाबाहेर एक टेबल, त्यावर हजेरीचं मस्टर, आणि दीडशे माणसं रोज सायकली हाणत येऊन सही करून परत जायची. वॉचमन हसायचा. "आले जावई! रोज सासरवाडीला यायलेत आन् कुणी चहाबी इचारीना." मुंजाजी म्हणायचा, "चहा र्‍हाऊ दे मामा, नवरी तरी नांदाया धाडा की." सगळे हसायचे. मीही हसायचो.

मग मुंजाजीला जालन्याकडच्या एका गिरणीतून पत्र आलं. फिटरची जागा, आठ दिवसांत हजर व्हायचं. तो आणि गयावहिनी दोघं माझ्या घरी आले. त्यानं पत्र माझ्यापुढे ठेवलं.

"सेक्रेटरी, तुमी सांगा. जाऊ का थांबू? गेलो तर हितली चौदा वर्सं पाण्यात. थांबलो तर ही जागा गेली."

वहिनी मध्येच म्हणाल्या, "रोज बारा किलोमीटर सायकल हाणायलेत, सही करायला! काम न्हाई, दाम न्हाई. आसली नोकरी असती व्हय? मी म्हणते, जावा."

"तू गप. हे कायद्याचं हाय," मुंजाजी म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हणालो, "थांब. भरपाई मिळणारच. आता सोडलंस तर हातचं जाईल."

त्याच्या चार दिवस आधी मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं की चांगली यंत्रं मालकानं आधीच विकली आहेत, बाकीच्यावर कर्जाचा बोजा आहे, कामगारांना काही मिळेल अशी आशा धरू नका. हे मी कुणालाच सांगितलं नाही. कळलं असतं तर दीडशेचे पन्नास झाले असते आणि पन्नास माणसांच्या सेक्रेटरीला कोण विचारतो? आणि मुंजाजी गेला की त्याच्यामागे सगळेच जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याला थांबवलं की सगळे थांबणार होते. तसंच झालं. या सगळ्याला मी चळवळीचं हित म्हणत होतो.

पुढच्या वर्षी मला एका पतसंस्थेत जागा मिळाली. मी हजर झालो. सही करायला जाणं मी सोडलं, मुंजाजीनं सोडलं नाही. नामांतराच्या बंदमध्ये एस.टी. थांबल्या, रस्त्यात दगड पडले होते, तरी तो शेताशेतातून सायकल खांद्यावर घेऊन फाटकावर आला, असं वॉचमननं मला कौतुकानं सांगितलं होतं. मला ते ऐकवलं नाही. मग एका सकाळी फाटकावर टेबलच नव्हतं. ना मस्टर, ना मॅनेजर. त्या दिवाळीनंतर मुंजाजी वहिनींना घेऊन टोळीबरोबर ऊस तोडायला गेला.

नंतर बाजारात भेटला की कोर्टातल्या भरपाईच्या दाव्याचं विचारायचा, "सेक्रेटरी, आपली तारीख लागली का वो?" एकदाही त्यानं बोल लावला नाही. त्याचाच मला राग यायचा. भांड की बाबा, धर माझी गचांडी... पण तो मला चहा पाजायचा.

तेराव्यानंतर गावातल्या शाळेत शोकसभा झाली. जुने कामगार आले होते. एकजण म्हणाला, मुंजाजी शेवटपर्यंत लढला. दुसरा म्हणाला, सेक्रेटरींचा शब्द त्यानं कधी मोडला नाही. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! मी उठलो आणि म्हणालो की मुंजाजी लढला वगैरे काही नाही, त्याला बसवून ठेवलं होतं, आणि ते मी केलं. मॅनेजर काय बोलला होता तेही सांगितलं. एकानं जागेवरूनच शिवी दिली. बरं वाटलं.

गयावहिनी मागे बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"सेक्रेटरी, येवढंच सांगा. आमी पत्र घेऊन आलो, त्याच्या आदी तुमाला म्हाईत व्हतं का मागून कळलं?"

मागून, असं म्हणता आलं असतं. मॅनेजर आता या जगात नाही.

"आधी," मी म्हणालो. "चार दिवस आधी. तुम्ही खरं बोलत होता, वहिनी, आणि मी तुमच्या घरात बसून नाही, माझ्या घरात तुम्हाला बसवून खोटं बोललो. मुंजाजीची माफी मागायला दहा वर्षं होती, मी मागितली नाही. तुमची मागतो. माझं चुकलं."