डाव्या चाकाचे सहा नट

रेणुकादास सरांना लातुरातली त्यांची सगळी गल्ली भिते. मारकुटे म्हणून नव्हे. सर घरात आले की चहाच्या आधी खुर्चीचे स्क्रू बघतात. लग्नात मांडवाचा खांब हलवून पाहतात. अक्षता पडताना सगळं वऱ्हाड नवरीकडं बघत असतं आणि सर डोक्यावरच्या पंख्याकडं. आयटीआयमध्ये चौतीस वर्षं मोटार मेकॅनिक शिकवलं. "नट आवळला का, हे देवाला विचारू नये, पान्याला विचारावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सर निवृत्त झाले, वाक्य काही झालं नाही.

अशा माणसाला त्या रविवारी सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला घशाखाली उतरेना. मुरमुरे ताटलीत नुसते इकडून तिकडं होत होते.

"मीठ कमी पडलं का?" विनीताबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग तोंड असं का? कुणाची कोंबडी चोरून आणल्यासारखं?"

सर दचकले. बायकोनं नेमकं कुठं बोट ठेवलं ते तिलाही कळलं नाही.

भानगड होती चाकूरच्या आप्पासाहेबांच्या ट्रकाची. तो त्यांच्या वडिलांनी, आबांनी घेतलेला. लांब नाक, वटारलेले डोळे, वय सत्तरच्या घरात. जवारी, ऊस, वऱ्हाड सगळं वाहून झालं, आता वर्षातून एकदा दसऱ्याला हळदीकुंकू लावून घ्यायला निघायचा. यंदा नांदेडला जुन्या गाड्यांचा मेळा ठरला आणि आप्पासाहेबांनी हौसेनं नाव दिलं. अडचण ब्रेकची. अहमदपुरात पाय ठेवला तर ट्रक लोह्यात थांबणार, अशी त्याची ख्याती.

सर म्हणाले, पुढच्या दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक बसवू.

"बसवा की," आप्पासाहेब म्हणाले. "पर चाकं तीच पायजेत. आबांनी ह्याच चाकावर नारळ फोडलाय. नव्या चाकाला मी हात जोडणार न्हाई."

सर दोन महिने त्या ट्रकाखाली राहायला गेले म्हणा ना. जुन्या चाकाच्या पोटात नवा ब्रेक मावतो का, हे बघायला आधी पुठ्ठ्याचा साचा कापला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. पोळपाटाएवढी डिस्क, तिला दोन्हीकडून चावणारा लोखंडी जबडा, आणि जबडा व चाकाची आतली कडा यांत बरोबर एका करंगळीची फट. विनीताबाई चहा घेऊन गेल्या तर सर चाकात करंगळी घालून हसत बसलेले. असं हसू त्यांच्या लग्नातल्या फोटोतसुद्धा नाही.

पण डिस्क जिच्यावर बसते ती हबही बदलावी लागली. नांदेडच्या भंगार बाजारातून दोन हब आणल्या, चाकाची भोकं तंतोतंत जुळली. फक्त एक गोष्ट जुळली नाही. त्या जुन्या ट्रकाच्या डाव्या चाकांना उलटे आटे. उजवीकडचे नट सगळ्या जगासारखे सुलटे आवळायचे, डावीकडचे उलटे, म्हणजे चाक फिरता फिरता ते सैल होत नाहीत. नव्या हबला दोन्हीकडं सुलटेच आटे. डाव्या चाकाचे जुने सहा नट तिथं लागेनात. सरांनी नवे सहा आणले, कानशीनं घासले, जुन्यासारखाच तांबडा रंग दिला, आणि जुने सहा डब्यात टाकून ठेवले.

इथवर पाप नव्हतं. पाप झालं शुक्रवारी. ट्रक न्यायला आप्पासाहेब आले, एकदा ब्रेक दाबून बघितला आणि ट्रक जागच्या जागी उभा राहिला, तेव्हा त्यांनी सरांना मिठीच मारली. मग चाकावर हात फिरवत म्हणाले, "नट बी तेच ना, सर?"

मिठी अजून अंगावर गरम होती. सर म्हणाले, "हाव, तेच."

आणि मग चौतीस वर्षांच्या सवयीनं ड्रायव्हर बसवंतमामांना वर उपदेशही केला. "नवं काम आहे मामा. निघण्याआधी रोज नट बघत जा."

बसवंतमामांना हे सांगणं म्हणजे कोंबड्याला आरव म्हणणं. चाळीस वर्षं त्यांचा नेम आहे. सकाळी तोंड धुतलं की पाना घ्यायचा, प्रत्येक नटावर लावायचा आणि पान्यावर एक टाच मारायची. उजवीकडं सुलटी, डावीकडं उलटी. मग चहा.

हे सरांना माहीत होतं. म्हणून तर मुरमुरे गोल फिरत होते. मामांना सांगायचं तर नट बदलले हेही सांगावं लागणार, आणि आप्पासाहेबांपुढं 'हाव' परत गिळावा लागणार. शनिवारी त्यांनी स्वतःची समजूत घातली की नव्या रंगावर मामा टाच मारणार नाहीत. रविवारी तेवढीही समजूत पटेना.

तेवढ्यात विनीताबाई डबा घेऊन आल्या. "अहो, भाजणीच्या डब्यात हे काय लोखंड भरून ठेवलंय? आणि ह्यावर इंग्रजी एल कशाला कोरलाय? लातूरचा का?"

"डावीकडचा," सर म्हणाले. मग ताटली बाजूला सारून सगळं सांगितलं.

विनीताबाई हसल्या नाहीत. "म्हणजे मामा आवळायला जाणार आणि नट सुटणार?"

"पाव फेरा. एका टाचेला."

"आणि तुम्ही इथं बसून मुरमुरे मोजताय? लावा फोन!"

फोन लागला. मागं इंजिनाचा गडगडाट आणि त्यावर आप्पासाहेबांचा आवाज. "बोला सर! अहमदपूर जवळ आलंय! ब्रेक एक नंबर!"

"आप्पासाहेब, ते डावीकडचं..."

"हाव, डावीकडनं जरा टकटक यायलंय! बसवंता म्हणतोय, नवं काम हाय, बसायलंय! बायको सिंधुबी संगं हाय, लई खूश हाय!"

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. आता बोलायचं. तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं. "थांबा तिथंच. आम्हीपण येतो मेळ्याला. दोघं."

"आरं वा! थांबतो की! अहमदपूरच्या पुढं, चहाच्या टपरीवर!"

फोन ठेवल्यावर विनीताबाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं की बोलायची गरज उरली नाही. पण त्या बोलल्या. "थांबवलं ते बरं केलं. खरं मात्र नाहीच सांगितलं."

दीड तास स्कूटर. मागं विनीताबाई, त्यांच्या मांडीवर डबा, डब्यात सहा नट. रस्त्यात खड्डा आला की नट खडखडायचे, आणि सरांना ते नावानिशी हाक मारल्यासारखं वाटायचं.

टपरीपाशी ट्रक उभा होता, झेंडूच्या माळा घालून. आप्पासाहेब बाजेवर, सिंधुकाकू ताटात भजी घेऊन. आणि बसवंतमामा धोतराला हात पुसत डाव्या चाकापासून उठत होते.

"या सर," मामा म्हणाले. "टकटक यायलती म्हणून बसल्या बसल्या परत एकेक टाच मारली. आज लई हलकं फिरायलंय, पर."

सर स्कूटर स्टँडला न लावताच चाकाकडं गेले. स्कूटर विनीताबाईंनी सावरली. सरांनी पुढच्या डाव्या चाकाच्या नटाला बोटं लावली. पाना नाही, नुसती दोन बोटं. नट फिरला. दुसरा फिरला. तिसरा तर आट्याच्या टोकाला लोंबत होता.

आप्पासाहेबांनी ते पाहिलं. पांढरे पडले, मग लाल झाले, आणि सुटले ते बसवंतमामांवर. "काय रं हे! उलटं आवळलास का सुलटं? सिंधु बसलीया ह्या गाडीत! पुढं घाट हाय! डोळे गेले का पाय गेला तुझा?"

मामांनी पान्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या टाचेकडं. "मालक, मी तर नेहमीवाणीच..." आणि तिथंच थांबले. डोकं हलवत हळूच म्हणाले, "वय झालं मालक. चुकलं आसंल."

त्या क्षणी सर गप्प बसले असते तर कुणालाच काही कळलं नसतं. चहा तयार होता. सगळं खापर एका म्हाताऱ्या टाचेवर फुटलं होतं आणि त्या म्हाताऱ्यानं ते मान खाली घालून घेतलंही होतं.

"मामा चुकले नाहीत," सर म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता. "मी चुकलो. नट बदललेत, आप्पासाहेब. हब नवी, तिचे आटे सुलटे. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. मामांनी चाळीस वर्षं जसं आवळलं तसंच आवळलं, आणि वर मीच त्यांना रोज बघा म्हणून सांगितलं होतं."

विनीताबाईंनी डबा उघडून बाजेवर ठेवला. सहा जुने नट. आप्पासाहेबांनी एक उचलला, त्यावरचं अक्षर अंगठ्यानं चाचपलं, परत ठेवला. 

"नटासाठी मी काय तुम्हाला फाशी दिली आसती का, सर?" ते म्हणाले. "बदलले म्हणला आसता तर बदलले. माझी बायको गाडीत हाय."

 सर चाकापाशी बसले आणि स्वतःच्या हातानं सहाही नट आवळले, सुलटे. मग मामांच्या तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि आबांच्या त्या चाकावर, तांबड्या रंगावर, मोठा पांढरा बाण काढला. मागच्या डाव्या चाकाचे आटे अजून उलटेच, म्हणून तिथं उलटा बाण. नांदेडच्या मेळ्यात जो येईल तो विचारायचा, हे बाण कशाला? आप्पासाहेब काही न बोलता सरांकडं बोट दाखवायचे. सरांनी ती गोष्ट दिवसभरात किती वेळा सांगितली ते विनीताबाईंनाच विचारा. प्रत्येक वेळी 'मी खोटं बोललो' हे वाक्य त्यांनी गाळलं नाही, एवढं मात्र त्या सांगतात.

आप्पासाहेबांनी दसऱ्याला जेवायला बोलावलं, म्हणजे तिकडचं मिटलं. बसवंतमामांचं मात्र झालं ते झालं. ट्रक काढायचा असला की सकाळी सरांचा फोन वाजतो. चाळीस वर्षं कुणाला न विचारता टाच मारणारा माणूस तिकडून विचारतो, "सर, म्होरलं डावं, सुलटंच ना?"

बाण तर समोरच असतो. सर तसं कधी म्हणत नाहीत. हातातला घास ताटात ठेवतात, उभे राहतात आणि म्हणतात, "हाव मामा, सुलटं." मग पलीकडं टाच पडल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत फोन कानाला धरून ठेवतात.