सुवर्ण गुणोत्तराचा डबा

“मग घडी घाला ना भाकरीची! चपातीची घालतात तशी.” अल्पेशचा आवाज ओटीवर बसलेल्या हरिचंद्रापर्यंत गेला. पण बापाने मान वळवली नाही.

“तांदलाची भाकर हाय ती,” काशी म्हणाली. “घडी केली का मोडते. जन्मापासून खातोस, तुला म्हायत नाय?”

“आई, बाजारात चपातीवालेच जास्त आहेत.”

“चपातीची चौघडी तरी कुठे बसते?” अल्पेशची बायको नेत्रा हिने गॅसवरच्या कढईवरची नजर काढली नाही. “एक बोट बाहेर राहते. मग डब्याचं झाकण लागत नाही.”

भांडण धर्मेशच्या फोनने सुरू झालं होतं. आनंदनगरच्या प्लास्टिकच्या कंपनीत नोकरीला असताना अल्पेशनेच त्याला मोल्डिंग मशीन चालवायला शिकवलं. आता धर्मेश तिथे शिफ्ट इन्चार्ज होता. हेल्परची एक जागा आहे, सोमवारी येतोस का, असं त्याने विचारलं होतं. येणार की नाही, ते आज सांगायचं होतं.

अल्पेशचं डब्याचं वेड कधीकाळी घरात सगळ्यांना आवडलं होतं. मुलगी जिज्ञासा बारावीचा अभ्यास करताना त्याला सुवर्ण गुणोत्तराबद्दल सांगून गेली. आयतातून चौरस कापला की उरलेला तुकडाही त्याच प्रमाणातला आयत. अल्पेशला ते इतकं भिडलं की तो पट्टी घेऊन घरभर फिरू लागला. एटीएम कार्ड मोजलं, खिडकी मोजली, देवाची तसबीर मोजली. “एक पॉइंट सहा!” म्हणायचा.

“जवळपास,” जिज्ञासा म्हणायची.

“जवळपास म्हणजे तेच.”

मग त्याने त्याच प्रमाणात जेवणाचा डबा आखला. मोबाईलसारखा हातात बसणारा, मोठ्या चौरसात चपाती, उरलेल्या आयतात भाजी. लाकडाचा नमुना करून आणला, तेव्हा नेत्रा त्यात चपाती ठेवून बघणार होती. “तेल लागेल,” म्हणून त्याने तो तिच्या हातातून काढून घेतला. प्रमाण बरोबर असलं की बाकी सगळं आपोआप बरोबर येतं, अशी त्याची खात्री होती. घरामागची वाडी विकून उल्हासनगरात डब्याची डाय, म्हणजे लोखंडी साचा, बनवली. डबा मोठा करायचा तर आता अख्खी डाय नवी लागणार होती.

उल्हासनगर कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराने डबे काचेत पुढे मांडले. “साईं, चीज तो मस्त है,” म्हणाला. बायका डबा हातात घेत, कौतुक करत, झाकण उघडत. मग आत तळहात आडवा धरून बघत आणि डबा परत ठेवत. एकीनेही भाव विचारला नाही. उरलेल्या खोक्यांनी जिज्ञासाची खोली छतापर्यंत भरली.

“लोकांना सवय लागायला वेळ लागतो,” अल्पेश आता म्हणत होता. “घरातच बघ ना. जिज्ञासा रोज हाच डबा नेते. तिची भाकरी कशी बसते?”

नेत्राने गॅस बंद केला. जिज्ञासाने आईकडे पाहिलं.

“सांगू नको,” नेत्रा म्हणाली.

“काय सांगू नको?”

“पप्पा,” जिज्ञासा म्हणाली, “मम्मी सकाळी भाकरीचे तुकडे करते. तुम्ही उठायच्या आधी. मैत्रिणी विचारतात, चुरा का आणतेस.”

“रोज?”

“तुम्ही झाकण दाबून बघायचात ना, बसलं का म्हणून.”

अल्पेशने डबा उचलला, झाकण काढलं, आत बघितलं, पुन्हा लावलं. झाकण सुरेख लागलं. टक् असा आवाज आला.

“प्रमाण चुकलेलं नाही,” तो म्हणाला.

“नाही चुकलं,” जिज्ञासा म्हणाली. “पण गुणोत्तराला माप नसतं, पप्पा. मुंगीएवढा केला तरी ते तेच राहतं.”

“मंग काय उपेग त्याचा?” काशीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ओटीवर हरिचंद्र खोकला. वाडी गेल्यापासून तो घरामागच्या बाजूला तोंड करून बसत नसे.

अल्पेशने फोन उचलला. “धर्मेश, येतो,” एवढंच बोलून ठेवला. मग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“डाय भंगारात देतोय. सोमवारपासून मी कंपनीत जाणार,” तो म्हणाला. “आणि मला डबा देऊ नका. कुठलाच.”