खोत सरांनी पळवलेल्या पोरी

बाळासो खोत सर गेल्या श्रावणात, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी गेले आणि जाताक्षणी फार थोर झाले. राजारामपुरीतल्या आमच्या शाळेनं शोकसभा ठेवली. अध्यक्ष म्हणाले, "सरांनी या शाळेला मैदान दिलं." खरं तर शाळेनं सरांचं मैदान घेतलं होतं आणि तिथं क्लासेसची तीन मजली इमारत उभी केली होती. पण माणूस गेला की अशी क्रियापदं थोडी इकडची तिकडं होतात.

मी अनुजा. सरांच्या खो-खोच्या संघातली बारावी खेळाडू, म्हणजे बाकीच्या अकराजणींच्या चपलांची राखणदार. त्यामुळं सरांना जवळून बघायला मला भरपूर वेळ मिळाला.

सर गडमुडशिंगीचे. चौसष्ट साली शाळेत लागले ते रोज सायकलीनं यायचे. एस.टी.त बसणं हा पायांचा अपमान आहे, असं त्यांचं मत होतं. शाळेनं त्यांना मैदान म्हणून जी जागा दाखवली, तिथं अध्यक्षांच्या वडिलांच्या म्हशी बांधलेल्या असायच्या. सरांनी तीन महिने शेण उचललं, दगड वेचले आणि दोन खांब रोवले. म्हशींना हलवायला मात्र आणखी दोन वर्षं लागली, कारण त्यांचा शाळेतला वशिला सरांपेक्षा मोठा होता.

शिकवायची त्यांची पद्धत साधी होती. चुकलं की ओरडायचे, बरोबर आलं की पुढच्या चुकीची वाट बघायचे. "शाब्बास" हा शब्द त्यांनी कुणासाठी राखून ठेवला होता, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

दर दिवाळीच्या सुट्टीत ते आम्हाला डोंगरात न्यायचे. ब्याऐंशी साली दाजीपूरच्या जंगलात नेलं. सोबत त्यांची बायको धोंडुबाई होती, पोरींबरोबर बाईमाणूस पाहिजे म्हणून. सरांना रस्ता पाठ होता. दुपारी एकला त्यांनी पाठ असलेला रस्ता सोडून जवळची वाट धरली आणि तीन वाजता आम्ही त्याच वाकड्या जांभळीखाली दुसऱ्यांदा उभ्या होतो.

"वाट चुकलीसा व्हय?" धोंडुबाईंनी विचारलं.

"चुकायला काय झालंय? पोरींना जंगल दाखवतोय."

"मग ह्यो जांभूळ किती येळा दाखवायचा हाय?"

शेवटी चिमणाबाई नावाची एक धनगरीण शेळ्या घेऊन आली. आम्हा चौदाजणांकडं बघून म्हणाली, "कुठलं म्हणायचं पावणं? हिकडं गवं हायती. कशाला आलाय मराया?" तिनं दिवस मावळायच्या आत आम्हाला रस्त्याला लावलं. सुट्टी संपल्यावर सरांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला सांगितलं, की यंदा मुलींना वाट चुकल्यावर कसं वागायचं याचं शिक्षण दिलं. एवढं पूर्वतयारीनं दिलेलं शिक्षण मी पुढं कधी घेतलं नाही.

आमच्या संघातली खरी खेळाडू एकच, क्रांती. शिरोळची पोर, मामाकडं राहून शिकायची. त्र्याऐंशी साली सोलापूरला राज्य स्पर्धा होती आणि पंधरा दिवस आधी तिचे वडील, आण्णा, तिला गावाकडं घेऊन गेले. स्थळ आलं होतं. सर सायकलीवर बसले ते पन्नास किलोमीटर मारून थेट आण्णांच्या दारात.

"पावणं," आण्णा म्हणाले, "पोरगी पळून कुणाचं भलं झालंय?"

"पळून जात न्हाय हो. खो-खो खेळती."

"पळतीच की."

सरांनी सायकल भिंतीला लावली. ते तिथंच सोप्यात बसले. रात्रीची भाकरी खाल्ली, दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता फावडं उचललं आणि आण्णांच्या उसाला पाणी पाजायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी आण्णा रानात जाऊन आले.

"न्या पोरीला," ते म्हणाले. "पर फावडं तेवढं हितंच ठेवा. तुमी सरी फोडून समदं पाणी शेजाऱ्याच्या रानात घातलंय."

इतकं करून आम्ही उपांत्य सामन्यात एका गुणानं हरलो. सरांनी धीर दिला, "म्हशीबी वळताना वाकत्यात. तुमाला वाकायला काय झालतं?" आम्ही रडत झोपलो. सकाळी उठून बघतो तर बाराच्या बारा गणवेश धुऊन दोरीवर वाळत होते. माझाही होता, तो मळलाही नव्हता तरी. सरांच्या हाताला साबणाचा वास येत होता.

क्रांतीचं लग्न पुढं दोन वर्षांनी त्याच स्थळाशी झालं. थांबल्यानं पावण्यांचं काहीही बिघडलं नव्हतं.

सर निवृत्त झाले, मैदानावर इमारत आली, तर हे गडमुडशिंगीच्या माळावर पोरी गोळा करून शिकवायला लागले. असं वयाच्या ऐंशीपर्यंत चाललं. पंच्याऐंशीव्या वर्षी एका क्रीडाप्रेमी मंडळाला त्यांची आठवण झाली. जीवनगौरव पुरस्कार. पाहुणे अडीच तास उशिरा आले, सरांचं नाव 'बाळासाहेब कोठ' असं पुकारलं आणि हातात जे स्मृतिचिन्ह दिलं त्यावर बॅट धरलेला माणूस होता. घरी धोंडुबाईंनी तो उलटसुलट करून बघितला.

"ह्यो कोण?"

"मीच की."

"टोपी बरी दिसती," त्या म्हणाल्या आणि त्याला टीव्हीशेजारी ठेवून दिलं.

गेल्या श्रावणात त्या दिवशी सर नेहमीसारखे सकाळी माळावर चक्कर मारून आले. चहा घेतला, अजून अर्धा कप मागितला. धोंडुबाई कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा ते भिंतीला टेकून बसल्या जागी गेले होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. सरांना मूलबाळ नव्हतं. क्रांती पुढं झाली, तिच्यामागं आम्ही तिघी. साठीला टेकलेल्या, दोघींचे गुडघे गेलेले. एक पुतण्या आडवा आला. म्हणाला, "बायका खांदा देत्यात व्हय?"

धोंडुबाई उंबऱ्यात बसूनच म्हणाल्या, "खांद्याला मिशा लागत्यात व्हय रं? सरक बाजूला."

तो सरकला. क्रांती उंच, मी बुटकी, त्यामुळं तिरडी माझ्या बाजूला कलायची आणि सगळा भार माझ्यावर यायचा. वेशीपर्यंत एक म्हातारा "पोरींनो, जरा दमानं," म्हणत सोबत आला. कितीतरी वर्षांनी आम्हाला कुणीतरी पोरी म्हणत होतं. आम्ही खांदा बदलला नाही.